मुदत संपली, फ्लॅट सुटत नाही: कलम 24 चा अर्ज पुण्यात कसा चालवावा

अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स (परवाना) करार संपतो, जाण्याची तारीख उलटते आणि आतला माणूस जागा सोडत नाही. कोथरूड असो वा खराडी, पुण्यात घरांच्या कामात पडलेल्या प्रत्येक वकिलाकडे हे प्रकरण येतंच. त्यासाठी कायद्यात वेगळा, छोटा रस्ता आहे: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 24 आणि त्याच अधिनियमातलं आठवं प्रकरण. अर्ज दिवाणी न्यायालयात नाही, सक्षम प्राधिकाऱ्यापुढे, म्हणजे राज्य सरकारने यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे करायचा. हा रस्ता छोटा राहतो तो लेखी कराराला इथे असाधारण वजन दिलंय म्हणून. त्यामुळे निकाल बहुधा दोन ठिकाणी ठरतो: करार लिहिताना, आणि समन्स बजावल्यानंतरच्या 30 दिवसांत. युक्तिवादाला त्यानंतर फारशी जागा उरत नाही. पुढचं मार्गदर्शन मालकाच्या आणि परवानाधारकाच्या, दोन्ही बाजूंच्या वकिलांना आणि सल्लागारांना उपयोगी पडावं असं आहे.

आधी मंच, मग मसुदा

पक्षकार ‘भाडेकरू’ म्हणतो म्हणून समोरचा कायद्याने भाडेकरू ठरत नाही, आणि कागदाच्या डोक्यावर ‘लीव्ह अँड लायसन्स’ छापलंय म्हणून कलम 24 आपोआप लागतही नाही. पक्षकार समोर बसला की पहिल्या भेटीतच चार गोष्टी विचारून घ्या.

जागा राहण्यासाठी दिली होती का? कलम 24 फक्त रहिवासी परवान्याला आहे. दुकान, ऑफिस, क्लास, क्लिनिक यांचा परवाना असेल तर पुण्यात प्रोव्हिन्शियल स्मॉल कॉज कोर्ट्स अधिनियमाच्या कलम 26 खाली लघुवाद न्यायालयात दावा करावा लागतो, मग त्याचं मूल्यांकन कितीही असो. फ्लॅट रहिवासी, पण करारात ‘राहण्यासाठी व व्यवसायासाठी’ असं लिहिलेलं असेल तर समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

करार लेखी आहे का? तोंडी व्यवहार, कॉट बेसिसवर नुसत्या पैसे मिळाल्याच्या पावत्या, व्हॉट्सॲपवर ठरलेल्या अटी, यांवर या कलमाचा डोलारा उभा राहत नाही.

परवाना देणारा कोण? कलमाच्या स्पष्टीकरणात ‘मालक’ या शब्दात मूळ मालकाच्या मृत्यूने जागा मिळालेला वारस येतो. स्वतः भाडेकरू किंवा पोटभाडेकरू असलेल्याने जागा परवान्यावर दिली असेल तर त्याला मात्र स्पष्टपणे वगळलंय. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत हे हमखास आढळतं: मूळ भाडेकरू उपनगरात राहायला गेलेला आणि खोल्या विद्यार्थ्यांना करारावर दिलेल्या. अशा माणसाचा कलम 24 खालचा अर्ज टिकत नाही. चालू परवान्यातला फ्लॅट कुणी विकत घेत असेल तर खरेदीदाराला सांगा की खरेदीखताच्या वेळीच परवानाधारकाशी स्वतःच्या नावे नवा नोंदणीकृत करार कर. स्पष्टीकरणात वारसाचा उल्लेख आहे, खरेदीदाराचा नाही, आणि त्या फटीत शिरून वर्ष घालवणारे वकील आहेत.

मुदत संपली का? कलमाचे शब्द मुदत संपल्यानंतरच्या ताब्याबद्दल आहेत. दोन महिने पैसे थकले म्हणून आठव्या महिन्यात परवाना रद्द करून लगेच अर्ज टाकला तर पहिला वाद त्याच मुद्द्यावर रंगतो. मुदत संपायला दोन-तीन महिनेच उरले असतील तर थांबणं स्वस्त पडतं. नोटीस मात्र आत्ताच द्या.

जागा महानगरपालिका हद्दीच्या बाहेरच्या गावात असेल तर अधिनियम तिथे लागू आहे का, हे अनुसूची आणि अधिसूचना उघडून बघा. पुण्याची हद्द वाढत गेली आहे, तेव्हा अंदाजावर जाऊ नका.

वाड्यातला पावतीचा जुना भाडेकरू असेल तर हा रस्ताच नाही. त्याच्यासाठी कलम 15 किंवा 16 आणि लघुवाद न्यायालय. थकबाकीचा दावा असेल तर आधी लेखी मागणीची नोटीस देऊन 90 दिवस जाऊ द्यावे लागतात. समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत त्याने थकबाकी 15 टक्के सरळव्याजासह भरली, तर त्या कारणावरचा हुकूमनामा मिळत नाही. सैन्यदलातल्या आणि निवृत्त सैनिक मालकांसाठी कलम 23 वेगळं आहे. पुण्यात असे पक्षकार भरपूर, म्हणून तेही एकदा वाचून ठेवा.

करार: इथेच प्रकरण जिंकलं जातं

कलम 24 च्या स्पष्टीकरणानुसार लेखी परवाना करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा असतो. ‘हा परवाना नव्हताच, खरं तर भाडेपट्टा होता’ ही समोरच्याची हुकमी तक्रार या एका ओळीने बोथट होते. म्हणून करारात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहायचं राहिलंय, याची धास्ती जास्त बाळगावी.

नोंदणीत हयगय नको. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटी-शर्तींबाबत समोरच्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज पुण्यात अजून जिवंत आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे पक्षकाराला स्पष्ट सांगा. सहीनंतर नोंदणीसाठी चार महिने मिळतात, पुढचे चार महिने दंड भरून.

मुद्रांकाचा हिशेब अवघड नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद 36-अ खाली 60 महिन्यांपर्यंतच्या परवान्यावर दर 0.25 टक्के. तो लागतो एकूण परवाना शुल्क, परत न मिळणारी रक्कम आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्के धरलेलं व्याज, या तिन्हींच्या बेरजेवर. समजा महिना 20,000, मुदत 11 महिने, डिपॉझिट 1,00,000. शुल्क झालं 2,20,000. डिपॉझिटचं 11 महिन्यांचं व्याज 9,167. बेरीज 2,29,167, त्याचे 0.25 टक्के म्हणजे सुमारे 573 रुपये. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. इतक्या पैशांसाठी नोंदणी टाळणारा मालक पुढे काय गमावतो, हे कलम 55 दाखवून समजवा. ई-रजिस्ट्रेशनमुळे घरबसल्या आधार आणि बोटांच्या ठशांवर काम होतं. फक्त नोंदणी झालेल्या कराराची पूर्ण प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश उतारा) लगेच ताब्यात घ्या. ‘एजंटकडे आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

मुदत ‘अकरा महिने’ एवढीच लिहू नका, दोन्ही तारखा घाला: 1 जून 2025 ते 30 एप्रिल 2026. सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, इमारतीचं नाव, विंग, मजला, फ्लॅट नंबर, पार्किंग हे सगळं घाला. विंग राहिली तर समन्स घेऊन आलेला बेलीफ मोठ्या सोसायटीच्या गेटवरून परत जातो. फ्लॅटमध्ये चौघं राहणार असतील तर चौघांची नावं, शिवाय प्रत्येकाचा कायमचा पत्ता आणि नोकरीचा पत्ता. कलम 24(3) प्रमाणे करारानुसार परवानाधारक नसलेल्याचा कोणताही दावा प्राधिकाऱ्याने ऐकायचा नसतो, पण कोण आत आहे हे मालकालाच माहीत नसेल तर ताबा घेण्याच्या दिवशी गोंधळ उडतो.

एक कलम नीट तपासा: डिपॉझिट परत करण्याचं. ‘डिपॉझिट परत मिळेपर्यंत परवानाधारकास जागेत राहण्याचा हक्क राहील’ असं वाक्य कितीतरी तयार नमुन्यांत असतं आणि कुणी ते वाचत नाही. मालकाच्या बाजूने ते काढून टाका. त्याऐवजी लिहा: ‘रिकामा ताबा मिळताच, वीज व सोसायटीची देणी वजा जाता, डिपॉझिट त्याच वेळी परत करण्यात येईल.’ परवानाधारकाच्या बाजूने मसुदा करत असाल तर पहिलं वाक्य राहू द्या.

मुदत संपण्याच्या आधी आणि नंतर

कलम 24 च्या अर्जासाठी पूर्वनोटीस कायद्याने सक्तीची नाही. तरीही मुदतीच्या महिनाभर आधी एक आणि संपल्यावर आठवड्याभरात दुसरी, स्पीड पोस्टाने रजिस्ट्रेशन आणि पोचपावतीसह पाठवा (रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं), म्हणजे ‘मालकाने तोंडी मुदत वाढवली’ हा बचाव आधीच अडतो. नोटिशीत भाडं, भाडेकरू, भाडेपट्टा हे शब्द आणू नका, करारातलीच भाषा वापरा. डिपॉझिट हिशेब करून परत द्यायला मालक तयार आहे, हेही लिहा.

खरी घाण होते ती यूपीआयमध्ये. मुदत संपते, दर महिन्याच्या पाच तारखेला नेहमीचे 18,000 मालकाच्या खात्यात पडत राहतात आणि मालक गप्प बसतो. मग ‘पैसे घेतले म्हणजे मुदत वाढवली’ असा बचाव तयार होतो. प्रत्येक वेळी पैसे आले की त्याच दिवशी लेखी उत्तर जाऊ दे: ‘आपला परवाना 30 एप्रिल 2026 रोजी संपला आहे. आलेली रक्कम कलम 24(2) खालील नुकसानभरपाईपोटी, आमचे सर्व हक्क राखून जमा केली आहे. मुदत वाढवलेली नाही.’ ‘बघा जमलं तर पुढच्या महिन्यात’ असले मेसेज पाठवणं बंद करायला पक्षकाराला बजावून सांगा. तोच स्क्रीनशॉट पुढे शपथपत्राला जोडलेला दिसतो.

मालकाला आणखी एक सांगा: कुलूप बदलू नको, वीज-पाणी तोडू नको. नोंदणीकृत करार हातात असलेल्या माणसाने पोलीस तक्रार आणि मनाईहुकमाची लढाई स्वतःहून ओढवून घेऊ नये.

अर्ज

अर्ज कलम 42 खाली, वादपत्रासारखाच सत्यापनासह. लांबलचक नको, चार-पाच पानं पुरतात. अर्जदाराचा मालकीचा किंवा वारसाचा आधार, करार आणि नोंदणी क्रमांक (हवेली क्रमांक अमुक असा दुय्यम निबंधक कार्यालयाच्या नावासह), मुदतीच्या दोन्ही तारखा, मुदत संपली आणि ताबा मिळाला नाही हे साधं विधान, नोटिसा, आणि मागणी. मालकाला जागेची गरज का आहे, मुलाचं लग्न, आजारपण, हे लिहू नका. कलम 24 ला गरज सिद्ध करायची नसते, आणि नको ते कथन केलं की त्यावर उलटतपासणीची दारं उघडतात.

जोडायचे कागद: नोंदणीकृत करार, इंडेक्स टू, मालकीचा कागद किंवा शेअर सर्टिफिकेट, मिळकत कराची पावती, नोटिसा आणि पोचपावत्या, बँक खात्याचा उतारा. मालक परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्या. राहिलं तर समोरचा सुनावणीत आक्षेप घेतो आणि कागद इम्पाउंड (मुद्रांक कमी म्हणून अडकवून ठेवणं) होण्यात वेळ जातो.

मागणीत ताब्याबरोबर कलम 24(2) ची नुकसानभरपाई मागायला विसरू नका. मुदतीनंतर ताब्यात राहिलेल्याला कराराच्या दराच्या दुप्पट द्यावी लागते. दर 18,000, मुदत 30 एप्रिलला संपली, ताबा 31 ऑगस्टला मिळाला, तर चार महिने गुणिले 36,000 म्हणजे 1,44,000. मधल्या काळात दोनदा 18,000 आले असतील तर ते वजा, राहिले 1,08,000. डिपॉझिट 60,000 असेल तर येणं 48,000. हा तक्ता अर्जालाच जोडा आणि ‘ताबा मिळेपर्यंत’ असे शब्द घाला. करारात दुसऱ्या वर्षी वाढ असेल तर शेवटचा दर धरा. मुदतीच्या आतल्या थकबाकीची वसुली वेगळी गोष्ट आहे, त्यासाठी लघुवाद न्यायालयात दावा सुचवा.

समन्स आणि ते 30 दिवस

समन्स तिसऱ्या अनुसूचीतल्या नमुन्यात निघतं आणि साध्या बजावणीबरोबर रजिस्टर पोस्टानेही जातं. सही झालेली पोचपावती परत आली किंवा ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला की प्राधिकारी बजावणी योग्य झाल्याचं जाहीर करू शकतो. प्रकरणं इथेच सगळ्यात जास्त रेंगाळतात. फ्लॅट बंद, ‘लेफ्ट’चा शेरा, गेटवर अडवणूक. म्हणून मुळातच सगळे पत्ते द्या, आणि बजावणीच्या दिवशी मालकाचा माणूस बेलिफाबरोबर हजर ठेवा.

आता परवानाधारकाच्या वकिलासाठी, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. इथे वकीलपत्र टाकून ‘म्हणणं देण्यासाठी मुदत’ मागण्याची सवय अंगाशी येते. बजावणीपासून 30 दिवसांत शपथपत्रासह लढण्याची परवानगी मागावी लागते. नाही मागितली तर अर्जातली विधानं कबूल धरली जातात आणि मालकाला ताब्याचा आदेश मिळतो. हा उशीर माफ करण्याचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्याला नाही, मुदत अधिनियमाचं कलम 5 इथे लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली ठरवलं आहे. पक्षकार आला की आधी लिफाफा आणि समन्स मागा, बजावणीची तारीख फाईलच्या वरच लिहा आणि विसाव्या-पंचविसाव्या दिवसाच्या आत दाखल करा. तिसावा दिवस सुट्टीचा निघाला तर काय, या वादात पक्षकाराचं घर पणाला लावू नका.

परवानगी मिळते ती शपथपत्रात असे मुद्दे दिसले तर, की जे खरे ठरल्यास मालकाला ताब्याचा आदेश मिळूच शकणार नाही. वजन पडतं अशा गोष्टी: मुदत नव्या लेखी कराराने वाढली आहे, करारावरची सही किंवा ठसा आपला नाही, जागा मुळातच व्यवसायासाठी दिली होती, अर्जदार स्वतः भाडेकरू आहे. ‘नंतर हाच फ्लॅट मला विकायचा ठरला’ हा बचाव वरचेवर येतो. पण 24 सप्टेंबर 2001 नंतरच्या विक्री करारावर भाग-पूर्ततेचं संरक्षण (विक्री कराराच्या जोरावर ताबा टिकवण्याचा हक्क) हवं असेल तर तो नोंदणीकृत लागतो. टोकन रकमेची पावती पुरत नाही.

मुलांच्या परीक्षा, दुसरं घर मिळत नाही, मालकाला गरजच नाही, सोसायटीशी मालकाचे वाद आहेत, या गोष्टी माणूस म्हणून खऱ्या असतात, पण यावर परवानगी मिळत नाही. डिपॉझिट परत दिलेलं नाही, हाही करारात तसं कलम नसेल तर ताबा अडवण्याचा आधार नाही, तो पैशाचा वेगळा दावा आहे. बचाव खरंच नसेल तर पक्षकाराला ते पहिल्याच दिवशी सांगा. तीन महिन्यांत जाण्याची लेखी हमी, त्याबदल्यात दुप्पट भरपाई माफ आणि डिपॉझिट चावीबरोबर, अशी तडजोड रोजनाम्यावर (प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत) नोंदवून घेणं कितीतरी कुटुंबांच्या जास्त हिताचं असतं. दुप्पट दराचं मीटर चालूच असतं, आणि ते बिल शेवटी त्याच्याच डिपॉझिटमधून कापलं जातं.

परवानगी मिळाली तर सुनावणी लघुवाद न्यायालयाच्या पद्धतीने, पुराव्यासह होते आणि शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यायचा असतो. कुलमुखत्यार साक्षीला उभा करत असाल तर व्यवहार त्याच्यासमोर झाला होता का, हे आधी तपासा.

आदेशानंतर

अपील नाही. आदेशाच्या तारखेपासून 90 दिवसांत कलम 44 खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, पुण्याच्या प्रकरणांत तो पुणे विभागाच्या अपर आयुक्तांकडे. पुनरीक्षण म्हणजे पुन्हा सुनावणी नव्हे, आदेश कायद्याला धरून आहे का एवढंच बघितलं जातं. नुसता अर्ज दाखल केला म्हणजे स्थगिती मिळाली असं नाही. ती स्वतंत्र मागा आणि चालू दराने पैसे भरण्याची तयारी शपथेवर दाखवा. त्यानंतर उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद 227 ची याचिका. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचच्या हद्दीत पुणे जिल्हा नाही, तेव्हा याचिका मुंबईलाच. मालकाच्या वकिलाने तिथे कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) टाकून ठेवावी. ती 90 दिवस टिकते, पुढे नव्याने टाकावी लागते.

आदेश अंतिम झाल्यावर 30 दिवसांत जागा सोडली नाही तर कलम 45 खाली प्राधिकारी ताबा काढून मालकाला देऊ शकतो, गरजेपुरतं बळ वापरून. पोलीस बंदोबस्ताचा अर्ज आधीच करा. त्या दिवशी दोन पंच, कुलूपवाला, फोटो-व्हिडिओ आणि सामानाची खोलीनिहाय यादी लागते. गॅस सिलिंडर, दागिने, औषधं, शाळेची दप्तरं आणि कागदपत्रं वेगळी नोंदवून त्याच व्यक्तीच्या ताब्यात सही घेऊन द्या. आत कुणी नसेल तर सामान कुठे ठेवलं हे पंचनाम्यातच लिहा. वीज मीटरचं रीडिंग आणि सोसायटीची येणी त्याच दिवशी टिपून घ्या, डिपॉझिटचा अखेरचा हिशेब त्यावरूनच करायचा असतो.